वाचकांचे प्रश्न : बालमृत्यूचा शोध आणि घरच्यांचा होकार

गेल्या अंकात या सदरात बालमृत्यूची कारणे कशी ठरवली जातात याविषयी लिहिले होते. मूल दगावलेल्या घरी जाऊन आईवडिलांना आजाराची लक्षणे विचारणे, म्हणजेच मौखिक शवचिकित्सा, आणि मृत्यूनंतर काही तासांत सुईने शरीरातील ऊतींचे नमुने घेणे, अशा दोन पद्धतींचा त्यात उल्लेख होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख शास्त्रापेक्षा माणसांकडे आहे. दुःखात बुडालेल्या घरात शिरण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मृत बाळाच्या शरीरात सुया टोचू देण्यास आईवडील राजी होतात, यावर माझा विश्वास बसत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाचे शवविच्छेदन करायचे म्हटले तरी नातेवाईक 'चिरफाड नको' म्हणून हात जोडतात. आफ्रिकेतील गरीब आणि निरक्षर लोकांच्या अगतिकतेचा हा गैरफायदा नव्हे काय? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, तिच्यातले एक गृहीतक मात्र मला मान्य नाही, त्याकडे शेवटी वळतो. आधी प्रत्यक्षात काय केले जाते ते पाहू. या पद्धतीत शरीर उघडले जात नाही. पोकळ सुईने फुप्फुस, यकृत आणि मेंदू यांचे अगदी लहान तुकडे काढतात. मेंदूसाठी सुई नाकावाटे किंवा मानेच्या मागच्या बाजूने जाते, त्यामुळे चेहऱ्यावर खूण राहत नाही. त्याखेरीज रक्त, पाठीच्या कण्यातील पाणी आणि नाका-घशातील स्राव घेतला जातो. मग शरीर स्वच्छ करून घरच्यांच्या स्वाधीन करतात. मृत्यूनंतर शरीरात जंतूंची वाढ वेगाने होत असल्यामुळे हे सारे शक्यतो चोवीस तासांच्या आत उरकावे लागते. होकार मागायला संशोधकाला मिळणारी वेळ, त्यामुळेच, त्या आईच्या आयुष्यातली सर्वांत वाईट वेळ असते. हा पेच कोणत्याही तंत्राने सुटणारा नाही.

मोझांबिकमधील मापुटोच्या मध्यवर्ती रुग्णालयात पूर्ण शवविच्छेदनाशी ताडून ही पद्धत पारखली गेली. त्यानंतर २०१५ साली गेट्स फाउंडेशनच्या निधीतून आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या पुढाकाराने 'चॅम्प्स' नावाचे जाळे उभे राहिले. मोझांबिकमधील मान्हिसा, मालीची राजधानी बामाको, दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो, केनियातील किसुमू आणि सियाया, इथिओपियातील हरार आणि केर्सा, सिएरा लिओनमधील माकेनी आणि बांगलादेशातील बालियाकांदी ही त्याची प्रमुख ठिकाणे. पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू आणि उपजत मृत्यू, म्हणजे मृतच जन्मलेली बाळे, यांची कारणे तेथे शोधली जातात. मौखिक शवचिकित्सेत नवजात बाळाचा जंतुसंसर्ग, जन्मतः श्वास कोंडणे आणि अपुऱ्या दिवसांचे जन्मणे ही कारणे एकमेकांत मिसळून जातात. नमुने तपासल्यावर त्यांतली साखळी उलगडते आणि बाळाला संसर्ग करणाऱ्या जंतूचे नावही कळते. क्लेबसिएला हा जंतू किती बाळांचा बळी घेतो, याचा नीट अंदाज अशा तपासणीतूनच आला.

या जाळ्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. नमुने घेण्याआधी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकलेल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी बैठका घेतल्या. मूल गेल्याची वार्ता प्रथम कोणाला सांगतात, अंघोळ कोण घालते, पुरेपर्यंत किती वेळ जातो, घरात शेवटचा शब्द कोणाचा असतो, हे त्यांनी आधी समजून घेतले. कित्येक ठिकाणी निर्णय बाप किंवा घरातील वडीलधारी मंडळी घेतात आणि आईला कोणी विचारीत नाही. तिथे केवळ बापाची सही घेतली तर कागद पुरा होतो, पण आईवर झालेला अन्याय तसाच राहतो. रक्त विकले जाते, अवयव काढून नेले जातात, अशा अफवाही पसरतात. सिएरा लिओनमध्ये तर २०१४ ते २०१६ या काळात इबोलाच्या साथीत पांढरे पोशाख चढवलेली पथके प्रेते उचलून नेत होती आणि आपले माणूस कुठे पुरले हे अनेक घरांना धड कळले नाही. त्या देशात मृत मुलाजवळ जाणाऱ्या कोणाकडेही संशयाने पाहिले गेले तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

तरीही अनेक आईबाप होकार देतात, आणि त्यामागचे कारण बहुतेक ठिकाणी एकच आढळते : बाळ कशाने गेले ते त्यांना जाणून घ्यायचे असते, पुढच्या बाळंतपणाची धास्ती असते. म्हणून तज्ज्ञांच्या मंडळाने ठरवलेले मृत्यूचे कारण घरी जाऊन सांगणे हा त्या कामाचा भाग ठेवलेला आहे. त्याला कित्येकदा महिने लागतात, ही त्यातली उणीव. अनेक जण नकारही देतात. माझ्यापुरते सांगायचे तर, जिथे नकार देणारे कोणीच नाही त्या प्रकल्पातला होकार मी खरा मानणार नाही.

आता ते गृहीतक. परवानगीवाचून शरीराला हात लावू नये, ही भावना गरीब आणि निरक्षर लोकांपुरती आहे असे आपल्या पत्रातून ध्वनित होते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथील 'आल्डर हे' नावाच्या बालरुग्णालयात मृत मुलांचे अवयव आईवडिलांना न सांगता काढून ठेवल्याचे १९९९ मध्ये उघडकीस आले. २००१ च्या चौकशी अहवालाने देश हादरला, काही आईबापांना एकाच मुलाचे अंत्यसंस्कार पुन्हा करावे लागले आणि अखेर २००४ मध्ये मानवी ऊतींविषयीचा नवा कायदा करावा लागला. तिथले पालक शिकलेले होते आणि तो देश श्रीमंत होता. त्यांचा राग विज्ञानावर नव्हता, न विचारण्यावर होता.

प्रश्न : आमच्यात मय्यत लवकरात लवकर दफन करतात. अशा तपासणीला आमचा धर्म परवानगी देतो का? (गृहिणी, मालेगाव)

उत्तर : धर्माचा निर्णय देण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र सांगता येते की माली आणि बांगलादेश येथे या कामात सहभागी झालेली बहुसंख्य कुटुंबे मुस्लिम आहेत. तेथे काम सुरू करण्याआधी इमाम आणि धर्माचे जाणकार यांच्याशी चर्चा झाली. मृतदेहाची विटंबना होऊ नये आणि दफनाला विलंब होऊ नये, या दोन अटींवर त्यांचा भर राहिला. पहिली अट सुईच्या पद्धतीमुळे बऱ्याच अंशी पाळली जाते. दुसरी पाळायची तर पथकाला रात्री-अपरात्री तयार राहावे लागते आणि काही तासांत बाळ घरच्यांच्या हाती परत द्यावे लागते. आपल्या शेजारी कराचीत आणि कर्नाटकातील दावणगेऱ्यात उपजत मृत्यू व अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मृत्यूचा अशाच प्रकारे अभ्यास झाला आहे. दिल्लीतील सफदरजंग रुग्णालयातही ही पद्धत वापरून पाहिली गेली. हिंदू घरांतही तान्ह्या बाळाला अग्नी न देता त्याच दिवशी पुरण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, तेव्हा घाईची अडचण एका धर्माची नाही.

प्रश्न : मी मेळघाटात आशा आहे. बाळ दगावले की वर कळवणे आणि मग नर्सताईंसोबत घरी जाऊन माहिती भरणे हे काम माझ्याकडे असते. आई बोलत नाही, सासूच उत्तरे देते. भुमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, नेले होते का, असे विचारले की सगळे गप्प होतात. उलट 'तू वेळेवर आली नाहीस म्हणून लेकरू गेलं' असे मला ऐकवतात, आणि माहिती अर्धवट राहिली की साहेब रागावतात. मी काय करावे? (आशा स्वयंसेविका, धारणी तालुका)

उत्तर : ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले. तुमच्यावर येणारा दोष मुख्यतः या कामाच्या मांडणीतून येतो. बाळाच्या जन्मापासून ज्या बाईने घरभेटी द्यायच्या, तिनेच ते गेल्यावर वही घेऊन दारात उभे राहायचे, म्हटल्यावर घरच्यांना ती चौकशी पंचनाम्यासारखी वाटणारच. आणि तुम्हालाही आपल्याच भेटींचा हिशेब द्यावा लागतो, तो भाग वेगळा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या बालमृत्यू परीक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांचा हेतू उणिवा शोधून दुरुस्त करणे हा आहे. प्रत्यक्ष आढावा बैठकीत मात्र 'हा मृत्यू कोणाच्या नावावर' असाच सूर लागतो, हे तुम्हीही जाणता आणि मीही. तेव्हा पहिली विनंती तुमच्या वरिष्ठांना करा : सविस्तर मुलाखत दुसऱ्या गावच्या कार्यकर्तीने घ्यावी आणि तुम्ही तिची ओळख करून देऊन बाजूला व्हावे. एवढ्यानेही घरातली हवा बदलते.

वेळ निवडताना त्या घरचा सुतकाचा काळ जाऊ द्या. कळवण्याची मुदत वेगळी आणि मुलाखतीची वेळ वेगळी. कळवणे लगेचच व्हायला हवे. मुलाखतीच्या दिवशी सासूला टाळू नका. तिचे म्हणणे आधी आणि सगळे ऐका, कारण घरात तिचा मान आहे आणि बाळाला न्हाऊमाखू घालणारी बहुधा तीच असते. ते झाल्यावर नर्सताईंनी आईची तब्येत तपासायची म्हणून तिला आत न्यावे, आणि ती तपासणी खरोखर करावी. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचा ताप, रक्तस्राव, दुधाने दाटलेली छाती यांची विचारपूस त्या घरात कोणी केलेली नसते. बाळ गेले तरी दूध येत राहते आणि त्याचे काय करायचे हे तिला कोणी सांगत नाही. तिथून ती बोलू लागते.

प्रश्नावलीतल्या चौकटींपासून सुरुवात करू नका. 'बाळ झाले तेव्हापासून सांगा' म्हणा आणि मध्ये तोडू नका. देशाच्या महानिबंधकांच्या कार्यालयाने दहा लाख मृत्यूंचा जो मोठा अभ्यास २००१ नंतर चालवला, त्यातही चौकटींबरोबर घरच्यांचे म्हणणे स्थानिक भाषेत सुमारे अर्धे पान लिहून घेतले जाई आणि ते वाचून दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता कारण ठरवीत. त्या अर्ध्या अर्ध्या पानांतूनच हे दिसून आले की २००५ मध्ये भारतात पाच वर्षांखालील सुमारे २३ लाख मुले दगावली, आणि पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंपैकी ७८ टक्के केवळ तीन कारणांनी झाले : अपुरे दिवस व कमी वजन, जंतुसंसर्ग, आणि जन्मताना श्वास कोंडणे किंवा इजा. आई सांगते, 'दोन दिवस अंगावर ओढत नव्हतं, मग पोट उडायला लागलं, रात्री गार पडलं.' हे तसेच लिहा. त्याचे 'न्यूमोनिया' असे शुद्ध रूप तुम्ही करू नका. ते डॉक्टरांचे काम आहे.

भुमकाविषयीचा प्रश्न बदला. 'नेले होते का' या शब्दांत आरोप ऐकू येतो. 'बाळाला कोणाकोणाला दाखवले, पहिल्यांदा कोणाला, मग कोणाला' असे विचारले की भुमका, डम्मा (पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देणे), उपकेंद्र, खासगी डॉक्टर, सगळे आपापल्या जागी ओळीने येतात. त्याबरोबर वेळा विचारा : आजार कधी लक्षात आला, घरून कधी निघाले, गाडी किती वाजता आली, दवाखान्यात कोण हजर होते. पोटावर डाग दिल्यामुळे मूल गेले, असा शेरा मारून फाइल बंद करणे सोपे असते. वेळांचा हिशेब मांडला तर पुष्कळदा दिसते की गाडीची वाट पाहण्यात रात्र गेली आणि डाग त्याच रात्री दिला गेला. भुमकाला वगळून मेळघाटात काम होत नाही, हे प्रशासनानेही ओळखले आहे आणि रुग्णाला दवाखान्यात पाठवणाऱ्या भुमकाला मानधन देण्याचे प्रयोगही तेथे झाले आहेत.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेत असेलच, पण वाचकांसाठी सांगतो. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसते. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल तर सासरचे गाव म्हणते नोंद तिकडे, माहेरचे म्हणते तिकडे. कामासाठी कुटुंब बाहेर गेलेले असेल तर नोंद ना गावात होते, ना कामाच्या ठिकाणी. थोडा वेळ श्वास घेऊन गेलेले बाळ 'उपजत' म्हणून लिहिले जाते, कारण त्याने सगळ्यांचीच चौकशी टळते. १९६९ च्या कायद्याने जन्म, मृत्यू आणि उपजत मृत्यू यांची नोंद २१ दिवसांत व्हावी असे म्हटले आहे. परंतु ज्याचा जन्मच नोंदलेला नाही त्याचा मृत्यू नोंदवायला कोण जाईल? म्हणून 'बाळ रडले होते का, हातपाय हलवले होते का' हा प्रश्न हळू आवाजात का होईना, विचारायलाच हवा.

साहेबांच्या रागावर माझ्याकडे औषध नाही. 'घरच्यांनी उत्तर दिले नाही' असे स्पष्ट लिहिणे ही अर्धवट माहिती नसून खरी माहिती आहे, एवढे त्यांना हे उत्तर दाखवून सांगा.

प्रश्न : गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संशोधनाला गावांनी साथ दिली, ती त्यांच्या व्यक्तिमत्त्वामुळे असे नेहमी ऐकतो. तसे असेल तर दुसरीकडे ते कसे जमणार? (वाचक, फोंडा)

उत्तर : व्यक्तिमत्त्वाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, पण त्यावर सगळे घालून मोकळे होणे ही आपली जुनी सवय आहे. १९८६ पासून बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने तिथे काय केले ते पाहिले तर त्यातले बरेच कोणालाही करता येण्याजोगे आहे.

दवाखान्याचेच पाहा. मोठ्या इमारती, पांढरे कपडे, नातेवाइकांना बाहेर काढणारी शिस्त, यांची गोंड आदिवासींना भीती वाटत होती. हे ऐकल्यावर दवाखाना त्यांच्या घरांसारख्या झोपड्यांचा बांधला गेला, रुग्णाबरोबर घरच्यांना राहण्याची सोय झाली आणि त्याला नाव मिळाले त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. पुढे आदिवासी गावांचे प्रतिनिधी आरोग्यसंसदेत जमून आपले प्रश्न मांडू लागले, तेव्हा त्यांनी मलेरिया पुढे ठेवला आणि संस्थेला त्यावर काम करावे लागले. विषय निवडण्याचा हक्क लोकांकडे गेला की संशोधनाचे वेळापत्रक कोलमडते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी लोकसहभाग हा शब्द अर्जात लिहू नये.

नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती. पहिल्या वर्षी, १९९५-९६ मध्ये, गावातल्याच स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळांची तब्येत नोंदवली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती, पण रुग्णालयात दाखल झालेल्यांचे प्रमाण १ टक्काही नव्हते. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत, ही रीत मोडायची की उपचार घरात न्यायचे, असे दोन रस्ते होते. त्यांनी दुसरा धरला. थोडे शिकलेल्या आरोग्यदूत स्त्रिया आईवडिलांच्या संमतीने जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन घरातच देऊ लागल्या. ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत ही काळजी पोहोचली. १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला. २०११ पासून देशभर आशा ज्या घरभेटी देतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, त्यांचा उगम इथे आहे.

या आकड्यांत दडलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मृत्यू मोजणारी आणि मृत्यू टाळायला धडपडणारी बाई एकच गावकरी होती. वर मेळघाटच्या ताईंची अडचण नेमकी याच दुहेरी भूमिकेतून उभी राहिलेली आपण पाहिली. मग तीच भूमिका गडचिरोलीत कशी पेलली गेली? माझा तर्क असा की तिथे आरोग्यदूताच्या हाती औषध होते, पाठीशी हाकेच्या अंतरावर डॉक्टर होता आणि मेलेल्या बाळाची नोंद केली म्हणून तिला कोणी धारेवर धरले नाही. व्यक्तिमत्त्वाशिवाय जमायचे असेल तर या तीन गोष्टींपासून सुरुवात करावी.

प्रश्न : बालमृत्यूंवरील माझ्या प्रबंधासाठी आठ गावांत मुलाखती घ्यायच्या आहेत. सरपंचांचे परवानगीपत्र घेतले तर पुरेसे होईल का? (सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही. सरपंचांचे पत्र गावात शिरण्यापुरते आहे, घरात शिरण्यासाठी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार समाजाच्या वतीने कोणी दिलेली परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याआधी तुमच्या संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता लागेल ती वेगळीच. पुण्यात शिकता आहात म्हणून आठवण करून देतो : १८९७ च्या प्लेगमध्ये घरे तपासण्याची परवानगी सरकारकडे होती, घरच्यांकडून मात्र कोणी ती घेतली नव्हती, आणि त्या तपासणीमागे रोग थांबवण्याचा हेतू असूनही शहराच्या मनात उरले ते सोजिरांचे घरात शिरणे.

गावात पाऊल टाकाल तेव्हा पहिल्या फेरीत मुलाखत घेऊ नका. अंगणवाडीत बायकांची बैठक घ्या, प्रश्नावली त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि कोणता प्रश्न कोणत्या घरात विचारू नये ते त्यांच्याकडून समजून घ्या. त्या सांगतील तसे दोन-चार प्रश्न गाळावे लागले तर गाळा. संमतीपत्र वाचून दाखवताना 'मधूनच थांबवायचे असेल तर थांबवा' हे वाक्य आईकडे पाहून म्हणा, तिच्या नवऱ्याकडे पाहून नव्हे. एकाच महिन्यात दोन मुले गमावलेले घर यादीत आले तर तिथे तुम्ही एकटीने जाऊ नका. प्रबंध सादर झाल्यावर आठही गावांत परत जाऊन काय आढळले ते सांगण्याच्या प्रवासाचा खर्च आताच अंदाजपत्रकात धरा, कारण नंतर तो कोणी मंजूर करीत नाही.